भूतान स्वतःच्या स्वतः: परमिटपासून प्रदक्षिणेपर्यंत

भूतानला मी दोनदा गेले. पहिल्यांदा 2019 मध्ये, सहा दिवसांच्या ग्रुप टूरने. परत आल्यावर मैत्रिणीला म्हणाले, "छान आहे गं, पण सगळं सारखंच. डोंगर, मठ, डोंगर, मठ." दुसऱ्यांदा 2023 च्या नोव्हेंबरात नवरा, नऊ वर्षांची लेक आणि 72 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन स्वतः आखून गेले. दहा दिवसांत पहिल्या खेपेपेक्षा कमी ठिकाणं पाहिली, आणि तरी मैत्रिणीला काय सांगू आणि काय नको असं झालं. मधल्या काळात नियमही बदलले होते. कागदपत्रांच्या बाबतीत मी केलेला घोळ तुम्ही करू नये आणि पहिल्या खेपेला मी जशी नुसती ठिकाणांवर टिकमार्क करत फिरले तसं तुमचं होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

1. आधी महिना ठरवा, मग सुट्टी टाका

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन मोसम चांगले. वसंतात खिंडींच्या बाजूने बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो आणि पारोचा मोठा त्सेचू, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाचा उत्सव, याच सुमारास येतो. राजधानी थिंफूचा त्सेचू सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास असतो. या तारखा त्यांच्या चांद्र पंचांगावर ठरतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर तिकीट काढू नका. आपली दिवाळी जशी सरकते, तसाच हा प्रकार.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ असतं, भातकापणी चाललेली असते आणि घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. जून ते ऑगस्ट मात्र टाळा. घाटात दरडी कोसळतात, रस्ता तासन्‌तास बंद राहतो. "आम्हाला सह्याद्रीतल्या पावसाची सवय आहे" हा आत्मविश्वास तिथे कामाचा नाही.

2. कागदपत्रं: आधार घरी ठेवलंत तरी चालेल

भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परमिट लागतं. त्यासाठी ओळखपत्र म्हणून दोनच गोष्टी धरून चला: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यातलं काहीही चालत नाही.

हे मला 2019 मध्ये सीमेवर उभी असताना कळलं. मतदार कार्ड नाशिकच्या कपाटात, पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला आणि हातात ऐटीत धरलेलं आधार. सीमेला लागून असलेल्या भूतानच्या फुंतशोलिंग गावात भारताचं वाणिज्य दूतावास कार्यालय आहे, तिथून ओळखीचं पत्र मिळवण्यात पूर्ण दिवस गेला. ग्रुप पुढे निघून गेला, मी दुसऱ्या दिवशी टॅक्सीने त्यांना गाठलं. टॅक्सीचे पैसे अर्थात माझेच.

पिशवीत हे असू द्या:

- मूळ पासपोर्ट (किमान सहा महिने मुदत शिल्लक) किंवा मूळ मतदार कार्ड, आणि दोन-दोन झेरॉक्स
- मुलांसाठी पासपोर्ट. नसेल तर इंग्रजीतला मूळ जन्मदाखला (मराठी दाखला असेल तर नगरपालिकेतून आधीच इंग्रजी प्रत काढून घ्या)
- पासपोर्ट साइझ फोटो, चार-पाच
- हॉटेलांची बुकिंगं आणि दिवसवार आराखडा, छापील
- नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह

मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. सासूबाईंचं कार्ड माहेरच्या नावाचं निघालं. ते निघण्याच्या दोन महिने आधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

3. रोजची फी आणि परमिट

भूतानमध्ये प्रत्येक रात्रीमागे पर्यटकाकडून शाश्वत विकास शुल्क घेतलं जातं. भारतीयांसाठी ते सप्टेंबर 2022 पासून माणशी, दर रात्री 1,200 रुपये असं ठरलं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहान मुलांना माफ. इतर बहुतेक देशांच्या प्रवाशांना ते डॉलरमध्ये आणि बरंच जास्त पडतं. निघण्याआधी भूतानच्या पर्यटन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर बघून घ्या.

आमचा हिशोब सांगते म्हणजे अंदाज येईल. नऊ रात्री, तीन मोठे: 32,400 रुपये. लेकीचे 5,400. एकूण 37,800, आणि यात राहणं-खाणं धरलेलं नाही. नवरा म्हणाला, "एवढ्यात केरळ झालं असतं." झालं असतं खरं. पण हा पैसा आरोग्य, शिक्षण, जंगलं यांच्याकडे वळवला जातो, शिवाय गर्दीवर आपोआप आळा बसतो. 2008 च्या त्यांच्या राज्यघटनेत देशाचा किमान 60 टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधन आहे आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त आहे. थिंफूच्या रस्त्याला लागलात की तासन्‌तास खिडकीबाहेर फक्त जंगल दिसतं. तेव्हा नवऱ्याने केरळचा विषय काढला नाही.

परमिटचा अर्ज ऑनलाइन, फी भरूनच करा. सीमेवर जाऊनही ते निघतं, पण मग रांग, सुट्टीचा दिवस आणि सर्व्हर यांच्या भरवशावर बसावं लागतं. मिळालेलं परमिट छापून घ्या आणि त्यावरच्या तारखा हॉटेलच्या तारखांशी जुळवून पाहा.

4. पोहोचायचं कसं

विमानाने थेट पारो गाठता येतं. कोलकाता, दिल्ली, गुवाहाटी, बागडोगरा इथून उड्डाणं असतात. दरीत वळणं घेत विमान उतरतं तेव्हा खिडकीतून लोकांच्या अंगणात डोकावल्यासारखं वाटतं. पण तिकीट महाग.

आम्ही गेलो जमिनीवरून, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तेच सांगेन. बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्टेशनवरून सीमेवरचं जयगाव चार-पाच तासांवर. रेल्वेने आणखी जवळ जायचं तर हासीमारा स्टेशन, तिथून जयगाव वीस किलोमीटरच्या आत. सियालदहहून येणारी कांचनकन्या एक्स्प्रेस हासीमाऱ्याला थांबते आणि सकाळच्या उजेडात डुआर्सच्या चहामळ्यांतून, जंगलांतून जाते. रुळांवर हत्ती येतात म्हणून जंगलाच्या पट्ट्यात गाड्या हळू चालतात. कुरकुर करू नका, खिडकी पकडा.

जयगाव भारतात, फुंतशोलिंग भूतानमध्ये, मध्ये एक रंगीत कमान. अलीकडे हॉर्न, हातगाड्या, धूळ. पलीकडे पाऊल टाकलं आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आपल्यासाठी थांबली. लेक तीन वेळा उगाचच रस्ता ओलांडून आली. इथे एक रात्र काढा. थिंफूचा रस्ता सुमारे 150 किलोमीटरचा, पाच तासांचा, आणि 300 मीटरवरून 2,300 मीटरपर्यंत चढवणारा आहे. उलटीची गोळी आधीच घ्या.

हो, आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा.

5. गाइड: यावर वेळ घालवा

थिंफू आणि पारोच्या पलीकडे परवानाधारक भूतानी गाइड सोबत असणं बंधनकारक आहे. पुष्कळ लोक याला भुर्दंड समजतात आणि सर्वांत स्वस्त कोण ते शोधतात. माझ्या मते सगळ्या खर्चातला हा सर्वांत सार्थकी लागणारा पैसा. फोनवर आधी बोला. रोजचा दर किती, त्याच्या जेवण-मुक्कामाचे पैसे त्यातच का वेगळे, गाडी आणि ड्रायव्हर कोणाचा, हे लिहून घ्या. आणि एक प्रश्न जरूर विचारा: "तुमचं गाव कुठलं?" त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो. आमच्या गाइडने पाच मिनिटं फक्त त्याच्या आजीच्या शेताबद्दल सांगितलं. तिथेच त्याला पक्कं केलं.

हिंदी बहुतेकांना समजते, इंग्रजी शाळेत शिकलेलीच असते. तरी दोन शब्द त्यांचे पाठ करा: भेटल्यावर "कुझुझांगपो ला", आभाराला "कादिन्छे ला". शेवटचा "ला" म्हणजे आपल्या "जी"सारखा मान. आणि आडनाव विचारत बसू नका. बहुतेकांना ते नसतंच, आणि एकच नाव मुलालाही असतं, मुलीलाही. सासूबाईंची "म्हणजे कुठले तुम्ही?" ही नेहमीची चौकशी इथे पहिल्याच वाक्यात अडली. मग त्या लोकांशी थेट बोलायला लागल्या.

6. आराखडा: चार ठिकाणं, त्याहून जास्त नकोत

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थिंफू, पुनाखा, फोब्जिखा आणि पारो इतकं पुरेसं आहे. प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री. आणि दर दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी सोडा, आराखड्यात तशी लिहूनच. रिकामी जागा दिसली की आपण तिथे एक "पॉइंट" घुसवतो.

*थिंफू.* चौकात सिग्नल नाहीत. रंगवलेल्या छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करून वाहतूक चालवतो. प्रचंड बुद्धमूर्ती बघा, पण सकाळचा एक तास राष्ट्रीय स्मारक चोर्तेनजवळ नुसते बसा. हा स्तूप तिसऱ्या राजाच्या स्मरणार्थ 1974 मध्ये बांधला आणि शहरातली म्हातारी माणसं दिवसभर त्याला प्रदक्षिणा घालतात. सासूबाई त्यांच्यात कधी सामील झाल्या ते आम्हाला कळलंच नाही. पाहिलं तर बाकावर एका आजींच्या शेजारी बसलेल्या. दोघींच्या हातात माळा, ह्यांची तुळशीची, त्यांची लाकडी मण्यांची. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. दोघी बोटांनी मणी मोजत होत्या. 108 आणि 108. मग त्या आजींनी स्वतःच्या थर्मासमधला चहा सासूबाईंच्या पेल्यात ओतला.

शनिवार-रविवार असेल तर चांगलिमिथांग मैदानावर तिरंदाजी चालू आहे का बघा. दोन लक्ष्यांमध्ये जवळजवळ 145 मीटरचं अंतर, लक्ष्य म्हणजे एक छोटी फळी, आणि समोरच्या संघाची माणसं त्या फळीजवळ उभी राहून नेमबाजाची टिंगल करतात. बाण लागला की संघ गोल करून गातो, नाचतो. तिकीट नाही, घाई नाही.

*पुनाखा.* थिंफूहून जाताना दोचुला खिंड लागते. तिथले 108 लहान स्तूप 2003 च्या लष्करी मोहिमेतल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारले आहेत. हे माहीत असेल तर सेल्फीचा आवाज आपोआप कमी होतो. पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्ला-मठ-कचेरी असं सगळं एकत्र, 1637-38 मधला, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. फो म्हणजे नर, मो म्हणजे मादी. 1955 पर्यंत ही राजधानी होती. आजही मुख्य भिक्खू-संघ हिवाळ्यात थिंफूहून इथे राहायला येतो.

जवळच चिमी ल्हाखांग आहे आणि त्याबद्दल आधीच सांगते. हे 1499 मधलं देऊळ द्रुक्पा कुनले या अवलिया साधूशी जोडलेलं आहे, आणि वाटेवरच्या घरांच्या भिंतींवर भलीमोठी लिंगं रंगवलेली असतात. फिती बांधलेली, डोळे रंगवलेली, सगळ्या आकारांची. दुष्ट शक्तींपासून राखण म्हणून. मूल व्हावं म्हणून जोडपी या देवळात येतात. 2019 च्या आमच्या ग्रुपमध्ये इथे नुसती खिदळाखिदळ झाली, फोटो काढले गेले, आणि त्यात मीही होते. दुसऱ्या खेपेला सासू आणि लेक सोबत. मी दोघींना घाईने पुढे काढायच्या बेतात, तर सासूबाईच एका भिंतीपुढे थांबल्या. निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिंडीवर रोज पाणी घालतो, ते काय वेगळं आहे?" लेकीने विचारलं, "पण याला डोळे का?" गाइडने गंभीरपणे सांगितलं, "वाईटावर नजर ठेवायला." तिला पटलं. मला 2019 ची लाज वाटली.

*फोब्जिखा.* सुमारे 3,000 मीटर उंचीवरची रुंद, सपाट, पाणथळ दरी. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरच्या शेवटापासून इथे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. गांगतेच्या मठाला ते येताना आणि जाताना प्रदक्षिणा घालतात अशी लोकांची श्रद्धा आहे. या पक्ष्यांना अडथळा नको म्हणून दरीतल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. दरवर्षी 11 नोव्हेंबरला मठाच्या आवारात क्रौंच उत्सव होतो. शाळेतली मुलं पंख लावून नाचतात.

पक्षी बघायला पहाटे किंवा संध्याकाळी जा, आणि लाल-पिवळं जाकीट घालू नका. दरीत उतरू नका, पायवाट सोडू नका. दरीतल्या क्रौंच माहिती केंद्रात दुर्बीण आहे. आम्ही आधी दोन तास काहीच पाहिलं नाही, नुसतं धुकं. मग कुठून तरी कर्ण्यासारखा आवाज आला आणि धुक्यातून बावीस क्रौंच एका रांगेत उतरले. बावीस हा आकडा लेकीचा.

मुक्कामाला इथे शेतकऱ्याचं घर घ्या, हॉटेल नको. संध्याकाळी गरम दगडांचं स्नान सांगून ठेवा, दोन-तीन तास आधी. नदीतले गोटे शेकोटीत लाल होईपर्यंत तापवतात आणि लाकडी टबाच्या एका कप्प्यात चिमट्याने सोडतात. चर्रर्र आवाज, वाफ, राखेचा आणि पाण्यात टाकलेल्या दवण्यासारख्या पाल्याचा वास. पाणी निवलं की भिंतीवर ठोका, बाहेरून आणखी एक गोटा येतो. बाहेर तापमान शून्याजवळ होतं. नवऱ्याने सहा वेळा ठोकलं.

*पारो.* पुढच्या मुद्द्यात.

7. तक्त्सांग चढताना

पारोजवळचा, कड्याला चिकटलेला हा मठ तुम्ही फोटोत शंभर वेळा पाहिला असेल. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले अशी कथा. मठ 1692 चा, 1998 मध्ये आगीत जळाला, पुन्हा बांधून 2005 मध्ये खुला झाला. उंची 3,120 मीटर. पायथ्यापासून जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

हे शेवटच्या दिवसांत ठेवा, म्हणजे उंचीची सवय झालेली असते. सकाळी आठच्या आत चढायला लागा. घोडा निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच नेतो, उतरताना मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. सासूबाई कॅफेटेरियापर्यंत घोड्याने आल्या, तिथून समोर मठ दिसतो, हात जोडले आणि चहा घेत बसल्या. शेवटच्या टप्प्यात शेकडो पायऱ्या आधी खाली, मग वर. काठी पायथ्याशी भाड्याने मिळते, घ्या. मोबाइल, कॅमेरा, बॅग दारात जमा करावी लागते. प्रवेश फी वेगळी आहे आणि तिकीट पायथ्याशीच काढावं लागतं. वर जाऊन परत खाली धावलेले दोघे आम्हाला भेटले.

8. मठात, झोंगमध्ये

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. टोपी, छत्री, गॉगल दारात. गाभाऱ्यात चप्पल आणि फोटो नाही. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवा हात देवाकडे. बोटाने मूर्तीकडे दाखवू नका, तळवा उघडा ठेवून दाखवा. बाकी काही अडलं तर गाइडकडे बघा.

9. जेवण: ठेच्याची घमेंड विसरा

आपल्याकडे मिरची फोडणीत, तिथे मिरची हीच भाजी. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज, बस्स. "आम्ही खानदेशी, आम्हाला काय होतंय" म्हणत नवऱ्याने पहिला घास घेतला आणि नंतर बराच वेळ फक्त ताटातल्या लाल भाताकडे बघत राहिला. केवा दात्शी (बटाटा) किंवा शामू दात्शी (अळिंबी) पासून सुरुवात करा. लोण्याचा खारट चहा, सुजा, चहा समजून प्यायलात तर फसाल. सूप समजून प्या, आवडेल.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. त्यांच्या पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात तर मांसविक्रीच बंद असते. फक्त हॉटेलात "थेपले आहेत, गरम करून द्या" एवढंच रोज करू नका. ग्रुप टूरमध्ये आम्हाला सहा दिवस पावभाजी आणि पनीर मिळालं, आणि मी म्हणत होते की भूतानी जेवण कळलं नाही.

10. पैसे, फोन, परतणं

भूतानचं चलन नुलत्रम आणि आपला रुपया समान, रुपये सगळीकडे घेतात. शंभर आणि त्याखालच्या नोटा भरपूर न्या, मोठ्या नोटांवर कुरबुर होते. यूपीआय 2021 पासून भूतानमध्ये आहे, पण खेड्यात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. स्थानिक सिमकार्ड फुंतशोलिंगमध्येच घ्या. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी आहे.

निघताना परमिटवर बाहेर पडल्याची नोंद करून घ्यायला विसरू नका, आणि नुलत्रम सीमेवरच संपवा. जयगावच्या पुढे ते कोणी घेत नाही. आम्ही उरलेल्या पैशांचं चुगो घेतलं, याकच्या दुधाचं वाळवून दगड झालेलं चीज, दोऱ्यात ओवलेलं. दुकानदारीणबाई म्हणाल्या, चावायचं नाही, नुसतं गालात ठेवायचं. हासीमाऱ्याला गाडीत बसताना सासूबाईंनी कवळी सांभाळत एक तुकडा तोंडात टाकला. न्यू जलपायगुडी आलं तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून आम्हाला दाखवला. होता तेवढाच होता.